नव्या डिस्कला दोन थेंब तेल

"त्यात काय एवढं? चाक काढायचं, जुनी डिस्क काढायची, नवी बसवायची, चाक लावायचं. झालं!" असं इंजिनिअरनं घरात जाहीर केलं.

आता इंजिनिअर हा काही इंजिनिअर नव्हे. तो शाळेत भूगोल शिकवायचा. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं सासऱ्यांकडचा बंद पडलेला पंखा सुरू करून दाखवला होता. प्लग निघालेला होता, तो त्यानं बसवला. तेव्हापासून सासरी त्याला हे नाव पडलं ते पडलंच. म्हणणारे थट्टेनं म्हणायचे, हा पदवी मिळाल्यासारखा ऐकायचा.

गाडी म्हणजे सासऱ्यांनी वापरून वापरून, स्वतः दमल्यावर, लेकीला दिलेली. ब्रेक दाबला की स्टेअरिंगला हुडहुडी भरायची. पुढच्या चाकांतून असा आवाज निघायचा की रस्त्यावरची माणसं आधी बाजूला उडी मारायची आणि मग वळून बघायची. हॉर्न कधीच बिघडला होता, पण त्याची आठवण कुणाला येत नव्हती.

गल्लीचा उतार संपतो तिथं गॅरेज. तिथला मिस्त्री चाकापाशी वाकला आणि लगेच उभा राहिला.

"साहेब, ब्रेकच्या पुढच्या दोन्ही डिस्क झिजून पत्रा झाल्यात. त्यांना चिमटीत धरून चाक थांबवणारे पॅडही गेले." आणि त्यानं आकडा सांगितला.

"अहो, डिस्क म्हणजे शेवटी लोखंडाची थाळीच ना! थाळी बदलायला एवढे?"

"थाळीचे कमीच आहेत, साहेब. बाकीचे न चुकण्याचे आहेत."

हे वाक्य इंजिनिअरला फार लागलं. तो तडक घरी आला आणि वरची घोषणा केली.

बायको मात्र हादरली. ती नर्स होती. घरोघरी जाऊन रुग्णांना बघायची नवी जागा तिला मिळाली होती, आणि त्यासाठी दहा वर्षं तिनं वाट पाहिली होती. अट एकच. गाडी स्वतः चालवायची, म्हणजे महिनाअखेर लायसन हातात पाहिजे. परीक्षेत ती दोनदा नापास झालेली. पहिल्या वेळी परीक्षक "थांबवा" म्हणाले आणि हिनं घाबरून ब्रेकवर असा पाय मारला की त्यांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन पडला. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा हातानं धरला होता, तर कपाळ आपटलं. आता सोमवारी तिसरी वेळ. हुकली की जागा दुसरीला.

"अहो, मिस्त्रींकडेच द्या ना गाडी. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तुझा नवऱ्यावर विश्वास नाही?"

"नवऱ्यावर आहे हो! नवऱ्याच्या हातातल्या पान्यावर नाही."

झालं! आता तर माघार घेणं शक्यच नव्हतं.

शनिवारी इंजिनिअर स्पेअरपार्टच्या दुकानात गेला. डिस्क घेतल्या, पॅड घेतले आणि घासाघीस अशी केली की दुकानदारानं शेवटी हात जोडले. पैसे देता देता दुकानदार तेलाबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होता. पण इंजिनिअर तेव्हा आपण किती वाचवले याचा हिशोब करत होता, त्यामुळं त्यानं नुसती मान हलवली. वर्गातली पोरं त्याच्यापुढं अशीच मान हलवतात, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळी सासरे देखरेखीला हजर. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन दुरुस्त केल्या होत्या. खुर्ची अंगणात मांडून ते बसले.

"हं, करा सुरू, जावईबापू!"

रात्री मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत डिस्क हातात अलगद आली होती. इथं ती गंजून अशी बसली होती की तिला तिथून उठायचंच नव्हतं. इंजिनिअरनं हातोडी घेतली. ठण्! ठण्! समोरच्या घरातून विचारणा झाली, "काय तोडताय?" "तोडत नाही, जोडतोय!" असं हा ओरडला आणि नेमका त्याच घावाला डिस्क सुटली. डिस्क एकीकडे, जावई दुसरीकडे.

"पडलात का?" सासऱ्यांनी खुर्चीतूनच आस्थेनं विचारलं.

दुसरी डिस्क निघेपर्यंत दुपार झाली. नव्या डिस्क, नवे पॅड बसले. इंजिनिअरनं हातानं चाकाचा भाग फिरवून पाहिला, तर बारीक खर्र खर्र आवाज!

सासरे खुर्चीतून उठले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"लोखंड घासतंय. कोरडं आहे ते." त्यांनी पिशवीतून लांब नाकाची तेलाची डबी काढली. त्यांच्या वयाची माणसं खिशात गोळ्या ठेवतात, हे तेल ठेवतात. घरातली कडी, बिजागरी, कात्री, पाळणा, काहीही कुरकुरलं की दोन थेंब. लेकीच्या सायकलची सीट त्यांनी तेल लावून लावून इतकी फिरती केली होती की ती पोर शाळेत जाताना समोर कमी आणि आजूबाजूला जास्त बघायची.

दुकानदार तेलाबद्दल बोलला होता, एवढं इंजिनिअरला आठवलं. पण काढा म्हणाला होता की घाला, ते काही आठवेना. सासऱ्यांना विचारावं, तर इंजिनिअर कसला!

"तेच मी म्हणणार होतो, बाबा," तो म्हणाला.

दोन थेंब म्हणता म्हणता अर्धी डबी गेली. दोन्ही डिस्कना, दोन्ही बाजूंनी. चाक फिरवलं, तर आवाज गायब! सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. पंधरा वर्षांत पहिली थाप. इंजिनिअरचे डोळे पाणावले.

"चल, तूच चालव! उद्याचा सराव होईल," त्यानं बायकोला हाक मारली. तो शेजारी बसला, सासरे मागं. गाडी उताराला लागली.

अर्ध्या गल्लीत बायकोनं सवयीप्रमाणं ब्रेकवर जोरात पाय मारला. इंजिनिअरनं आधीच डॅशबोर्ड धरून ठेवला होता. काहीच झालं नाही. गाडी आपली चाललीय!

"अहो, लागत नाहीये!"

"दाब की!"

"दाबलाय! आता पाय खाली काढून रस्त्याला टेकवू का?"

"आवाज बघा कसा गेला," मागून सासरे खूश. "एकदम मऊ!"

"मेलो! मेलो!" इंजिनिअर.

"गप्प बसा सगळे!" बायको कडाडली. रुग्णाच्या खाटेभोवती रडारड करणाऱ्या नातेवाइकांना ती याच आवाजात बाहेर काढायची. गाडीत चिडीचूप झालं. तिनं पाय उचलला. दुसरा गिअर टाकला. गाडी गुरगुरली. मग पहिला. मग हँडब्रेक, इंजेक्शनचा दट्ट्या दाबावा तसा, हळूहळू.

खाली मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होता. त्यानं गाडी पाहिली. उठला, स्टूल उचललं, उभी स्कूटर बाजूला घेतली आणि हातानं खुणा करू लागला, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं थोडं... बस्स!" गाडी गॅरेजच्या आत जाऊन थांबली. भिंत वीतभर पुढं होती.

"वहिनी, एक नंबर!" मिस्त्री म्हणाला. मग त्यानं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"शिलाई मशीनचं?"

"अस्सल!" सासरे अभिमानानं म्हणाले.

मिस्त्रीनं बोट फडक्याला पुसलं. मग त्यानं डिस्क घासून घासून धुतल्या आणि तेल प्यायलेले कोरे करकरीत पॅड कचऱ्यात टाकून नवे बसवले. त्यानं किती घेतले ते इंजिनिअरनं आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. आपण फार स्वस्तात काम केलं, एवढंच तो सांगतो.

सोमवारी परीक्षकांनी बायकोला ओळखलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि दोन्ही हातांनी सीट धरून म्हणाले, "थांबवा." हिनं गिअर खाली आणला, ब्रेकवर पाय नुसता टेकवला, आणि गाडी अशी थांबली की परीक्षकांना थांबल्याचं जरा उशिरा कळलं.

"पास!" ते म्हणाले.

ती गाडीतून उतरून आत आली आणि भर आरटीओ ऑफिसात घळाघळा रडली. दहा वर्षं वाट पाहिलेली जागा अखेर तिची झाली होती. इंजिनिअरलाही भरून आलं. पण भरून आलं की गप्प बसावं, हे त्याला कुठं ठाऊक!

"शेवटी शिकली कुणाच्या पद्धतीनं?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "इथपर्यंत गाडीही मीच आणली!"

परीक्षकांनी चष्मा लावला. "तुम्ही आणली? बघू तुमचं लायसन."

यानं ऐटीत काढून दिलं. परीक्षकांनी पाहिलं. उलटून पाहिलं.

"याची मुदत संपून सहा वर्षं झालीत. परत परीक्षा द्यावी लागेल. सुरुवातीपासून."

"पण मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय!"

"त्यातली शेवटची सहा जरा हळू आवाजात सांगा."

इंजिनिअर बाहेर आला तेव्हा बायको डोळे पुसून, मोठ्या आनंदानं, गाडीच्या मागच्या काचेवरचा 'एल' नखानं खरवडून काढत होती. एक कोपरा सुटलाही होता.

"राहू दे गं," तो म्हणाला.

"का हो?"

त्यानं आजूबाजूला कुणी बघत नाही याची खात्री केली आणि सुटलेला कोपरा अंगठ्यानं परत नीट चिकटवला.