डायनासोरची खांदशेकणी

आमच्या देवराव नानाजींनी एकदा डायनासोरला जेवायचं आवतन दिलं. तूप-हळद लावून, अगदी रीतसर. थट्टा नाही, तुपाची वाटी माझ्याच हातात होती.

नानाजी हे गावातले आमचे शेजारी. मी नोकरीला अमरावतीत, घर सातपुड्याच्या पायथ्याशी. एका पावसाळ्यात त्यांच्या संत्र्याच्या बागेमागे नाल्याचा काठ ढासळला आणि दगडात रुतलेलं एक भलंमोठं हाड उघडं पडलं. तज्ज्ञ मंडळी आली, वाकवाकून पाहिलं आणि म्हणाली, डायनासोर आहे, हे त्याच्या खांद्याचं हाड. नानाजींनी एवढंच विचारलं की हा खात काय होता. झाडपाला, असं उत्तर मिळालं.

"मंग आपलाच हाय," नानाजी म्हणाले.

मग गावाचं नशीब फळफळलं. रविवारी अकोल्या-अमरावतीहून गाड्या येऊ लागल्या. फाट्यावर सिमेंटचा हिरवागार डायनासोर उभा राहिला आणि त्याच्या शेपटीखाली चहाची टपरी. येणाऱ्याजाणाऱ्याला नानाजी नाल्यापाशी चपला काढायला लावत. कोणी हाडावर पाय ठेवून फोटो काढू लागलं, की चढ्या आवाजात नाही, समजुतीने सांगत, "मुकं जनावर हाय बाप्पा." एका बाईंनी विचारलं, हा चावत असेल का हो? घरच्यांना नाही चावत, असं नानाजींनी सांगून टाकलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेक द्यायचा आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. माझ्या लहानपणी नानाजींची चांद्या-पाखऱ्याची जोडी तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे असायची. त्यांच्या घुंगरांचा आवाज आला की आम्ही पोरं हातातलं टाकून धावत सुटायचो. काय दिवस होते ते! पुढे ट्रॅक्टर आले. चांद्या गेला, पाखऱ्या गेला, मागोमाग नानीही गेली. मुलगा पुण्यात. गोठ्यात आता मोटारसायकल असते, तीही माझी.

हाड सापडलं त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी नानाजी तूप-हळदीची वाटी माझ्या हातात देऊन नाल्यात उतरले. मी म्हटलं, नानाजी, यानं कोणाचं जू ओढलं?

"खांदा हाय ना? मंग ओझं वाह्यलंच असंन," असं म्हणून ते मन लावून तूप चोळत बसले.

पुढच्या खेपेला तज्ज्ञांना हाडावर पिवळट थर दिसला. केवढी धावपळ उडाली! थर खरवडून बाटलीत भरला, तपासायला पाठवला. हळद निघाली. मग मात्र हाड उघड्यावर ठेवायचं नाही असं ठरलं आणि ते खालच्या दगडासकट फाट्यावरच्या नव्या दालनात, काचेच्या पेटीत गेलं. त्यांचंही चूक नव्हतं. पण नानाजींचा हात लावण्याचा हक्क गेला तो गेलाच, आणि मला ते फार लागलं.

यंदा खांदशेकणीला ते वाटी घेऊन दालनात आले. मी सोबत होतो. रखवालदार गावातलाच, त्याने हात जोडून सांगितलं, काका, काच उघडता येत नाही. नानाजींनी वाद घातला नाही. काचेला तळवा टेकवून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाहेर येऊन ते हिरव्या डायनासोरपाशी थांबले. वाटीत बोटं बुडवली, माझ्या खांद्यावरचा बॅगेचा पट्टा बाजूला केला आणि तूप-हळद माझ्या शर्टावरच चोळली. अगदी हळूहळू, जुवाने वळ पडलेल्या जागी चोळावं तशी.

"तो काई येत नाई बाबू," ते म्हणाले. "उद्या तू ये जेवाले. एकट्याले पुरणपोळी गोड लागत नाई."

मी नुसतीच मान डोलावली. नानाजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पाठीवर थाप मारली.

"मुकं जनावर हाय बाप्पा."