देवरामबाबाची उतरणारी बॅटरी

मोखाड्याच्या बाजारात देवरामबाबा दाढीला बसला की सगळ्या बाजाराला कळतं. न्हाव्याच्या दुकानासमोर त्याची पिकअप उभी असते आणि तिचं इंजिन चालू असतं. इकडे साबण लागतो, वस्तरा फिरतो, तुरटी चोळली जाते. तिकडे गाडी धडधडत धूर सोडते. न्हावी म्हणतो, माझा हातही आता हिच्या तालावर चालायला लागलाय, उद्या एखाद्याचा कान गेला तर मला बोलू नका. देवरामबाबा डोळे मिटून निवांत.

हा माणूस गाडी बंदच करत नाही. तहसील कचेरीत दाखला काढायला गेला, गाडी बाहेर चालू. पाहुण्यांकडे जेवायला बसला, गाडी अंगणात चालू. एकदा एका मयताला गेला, तिथेही तेच. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, बाबा, आधी ते बंद करा, मग आम्ही रडतो.

पण बंद केलेली गाडी परत चालू होईल याची हमी कोण देणार? ते काम माझं. एसटी स्टँडच्या पुढे माझं दुकान आहे. गाड्यांचं वायरिंग, स्टार्टर, दिवे, बॅटऱ्या. लोक मला मिस्त्री म्हणतात. तोंडाने मी जरा तिखट आहे, पण हाताला दोष नाही, असं सगळा तालुका म्हणायचा. म्हणायचा. देवरामबाबाने चालू इंजिनानिशी बाजार फिरून माझ्या नावाची पार वाट लावली. कोणी विचारलं, बाबा, गाडी बंद का नाही करत, तर उत्तर ठरलेलं, मिस्त्रीला विचारा.

देवरामबाबा सूर्यमाळच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहतो. साठीचा, काटक, डोक्यावर टोपी. भात आणि नागली पिकवतो आणि उरलेला वेळ पिकअप चालवतो. बाजाराची माणसं, बकऱ्या, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाड, जे मिळेल ते. दिवसभर गाडी ठणठणीत. सकाळी मात्र पाड्यावर चावी फिरवली की स्टार्टर नुसता टक् करून गप्प. मग पाड्यावरचे गडी गाडी उतारावरून ढकलतात, ती खोकत खोकत चालू होते आणि तशीच मोखाड्यापर्यंत येते.

पहिल्यांदा आला तेव्हा मी म्हटलं, चहा होईपर्यंत करून देतो. टर्मिनलवर हिरवट पांढरा थर चढला होता. गरम पाणी ओतून साफ केलं, नट आवळले, ग्रीस लावलं. पुढच्या बाजाराला स्वारी हजर. मग मीटर लावला. इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट दाखवत होता. म्हणजे इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारा जो डायनामो, शिकलेली पोरं ज्याला अल्टरनेटर म्हणतात, तोही आपलं काम करत होता. तरी मी त्याचे कार्बन बदलले, पट्टा ताणला. परत तेच. बॅटरीच बदलली, नवीकोरी. तीही उतरली. शेवटी, गाडी उभी असताना करंट कुठून चोरून जातोय का ते बघायला एकेक फ्यूज काढून मीटर पाहिला. गाडी बंद, चावी बाबाच्या खिशात, आणि मीटर ढिम्म. चोर काही सापडेना.

या सगळ्या वेळात बाबा शेजारी उकिडवा बसलेला असायचा. मी हात पुसले की मान हलवून म्हणायचा, "मिस्त्री, तपास अर्धा ऱ्हायला." जसा काही मी ठाणेदार आणि त्याच्या घरी दरोडा पडलेला.

त्याचा स्वतःचा तपास जोरात चालायचा. बकऱ्या भरल्या की बॅटरी उतरते, कारण बकरीच्या अंगात गरमी. सूर्यमाळचं वारं थंड, ते रात्री बॅटरीत शिरतं. म्हणून एक हिवाळाभर त्याने बॅटरीला गोधडी पांघरली. कोणी सांगितलं की बॅटरीला पाणी कमी पडत असेल, तर माझ्याकडून बॅटरीच्या पाण्याचे कॅन न्यायला लागला. भर उन्हाळा, पाड्यावरच्या बाया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरताहेत, आणि हा विकतचं पाणी बॅटरीला पाजतोय. बायांनी त्याला असं काही फैलावर घेतलं म्हणता, की तो कॅन पिशवीत लपवून न्यायला लागला.

मी दर वेळी एकच विचारायचो. बाबा, रात्री गाडीत काही चालू ठेवता का? दिवा, टेप, काही? तो माझ्या डोळ्यांत बघून सांगायचा, कय नाय.

घरी तो एकटाच. बायको, येसूमावशी, लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला गेली ती तिकडचीच झाली. लेक कामाला जाते, नातवाला बघायला कोणी नाही. दिवाळीनंतर येते, होळीनंतर येते असं करत दोन पावसाळे गेले. बाबाला विचारलं की हात उडवून म्हणायचा, बरं झालं, घर शांत झालं, भांडायला कोन नाय. हे तो न्हाव्याला सांगायचा, चहावाल्याला सांगायचा, न विचारता मलाही सांगायचा. आम्ही म्हणायचो, मजा आहे बाबाची.

यंदा होळी झाल्यावर जीपवाल्याकडून निरोप आला. गाडी ढकलूनसुद्धा चालू होत नाही, मिस्त्रीला वर पाठव. बॅटरी इतकी मेलेली की डायनामोलाही उठायला बळ मिळेना. माझं डोकंच फिरलं. भरलेली बॅटरी उचलली, शेअर जीपमध्ये मांडीवर घेऊन बसलो आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला देवरामबाबाचं नाव घेत वर गेलो. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

पाड्यावर गेलो तर घरापाशी गाडी नाही. शेजारीण म्हणाली, ती होय, ती टेपाडावर असते. वस्ती संपते तिथून चढून गेलो. बोडक्या कड्याच्या तोंडाशी पिकअप उभी. ना सावली, ना आडोसा, पुढे नुसती दरी. आत वाकून बघतो तर चावी तशीच लावलेली, तीही पुढच्या खाचेवर. म्हणजे इंजिन बंद, पण डायनामोपासून डॅशबोर्डवरच्या दिव्यांपर्यंत सगळे रात्रभर बॅटरी पीत बसलेले. आणि काचेला टेकवून, नागलीच्या पिशवीचा टेकू देऊन, चार्जरला लावलेला एक जुना मोबाईल.

आता बोला. मी त्या म्हाताऱ्याला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. डायनामो उघडला मी, नवी बॅटरी टाकली मी, बाजारात तोंड लपवायची पाळी माझ्यावर, आणि तुम्ही म्हणता कय नाय?

तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, मोबाईल केवढा आन बॅटरी केवढी, त्यानं काय व्हतं? घरात रेंज येत नाही. टेपाडावर येते, तीही काचेच्या त्याच कोपऱ्यात. फोन जुना, रेंज शोधून शोधून मरतो, म्हणून चार्जरला लावायचा. आणि या गाडीत चावी पुढे फिरवल्याशिवाय चार्जर चालत नाही. म्हणून दिवस मावळला की गाडी इथे आणायची, फोन काचेला लावायचा, आणि झोप येईपर्यंत शेजारच्या दगडावर बसायचं. घरी जाताना फोन तसाच, चावीही तशीच.

"कोणाच्या फोनसाठी?" मी विचारलं. तो दरीकडे बघायला लागला आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

मी म्हटलं, मग तुम्हीच लावा ना फोन. त्यात काय?

"मी लावला तं ती बोलते काम हाय, पोरगा रडतो, ठेवते," तो म्हणाला. "तिनं आपून लावला तं लय बोलते. पर कवा लावील ते सांगत नाय."

आणि परत कधी येणार विचारलं का? तर म्हणे नाही. जाताना तिने विचारलं होतं, जाऊ ना? तेव्हा हाच म्हणाला होता, जा की, मला काय. आता कोणत्या तोंडाने बोलवायचं? बाजारात सांगू नको, एवढं मात्र त्याने मला दोनदा बजावलं.

मी मेलेली बॅटरी काढली, आणलेली बसवली. बॅटरीवरून थेट एक वायर आत घेतली, तिला वेगळा फ्यूज टाकला आणि चार्जर त्यावर जोडून दिला. आता चावी काढून खिशात ठेवली तरी फोनला करंट मिळेल, आणि एवढ्याशा चार्जरने बॅटरी उतरायची नाही. बाबा प्रत्येक जोड वाकून बघत होता. फोन उजळला तेव्हा त्याने खांद्यावरच्या पंच्याने काचेचा तो कोपरा पुसून घेतला.

ऊन उतरलं होतं. मी हत्यारं गोळा करत होतो आणि फोन वाजला.

बाबाने टोपी सारखी केली. फोन जागचा हलवला की रेंज जाते, म्हणून तो खिडकीतून अर्धा आत वाकला. बाहेर नुसती पाठ आणि पाय. एरवी मी पोट धरून हसलो असतो. आतून बोलणं ऐकू येत होतं. नातवाला दाढा आल्या का. पांढरी बकरी व्याली, दोन झाले. विहिरीचं पाणी तळाला गेलं. हो, जेवतो. हो, गोळी घेतो. गाडीला? कय नाय, मिस्त्री आलाय. मग तो आणखी आत वाकला.

"येसू," तो म्हणाला, "तू ये आता. मला नाय करमत."

मग हॅलो झालं. परत हॅलो. मग नुसतंच हॅलो, हॅलो.

तो मागे सरकत बाहेर आला. रेंज गेली होती. फोन त्याने पिशवीला टेकवून होता तसा नीट ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"मिस्त्री, तिनं ऐकलं असंल का?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"कशावरून?"

मला काय माहीत कशावरून. मी म्हटलं, ऐकलं म्हणजे ऐकलं, आता करेल ती परत, बसा तुम्ही. तो दगडावर बसला. सरकून त्याने मला जागा केली.

खाली वळणावर मोखाड्याकडे जाणाऱ्या शेवटच्या जीपने हॉर्न दिला. मिस्त्री यायचाय म्हणून ती बराच वेळ वाजवत थांबली. मी काही उठलो नाही. आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो.