आधी पोच, मग मजकूर

खंदारे सरांना चहा विचारला की ते आधी म्हणत, "कोणाकडून? कोणाला?" माझ्याकडून, तुम्हाला, असं सांगितलं की "घेतला" म्हणत आणि मगच कपाला हात लावत. रिक्षात बसण्याआधी पत्ता सांगून वर विचारत, "काय ऐकलं ते सांगा बरं." परभणीतले निम्मे रिक्षावाले त्यांना लांबून पाहूनच वेग वाढवायचे.

दोष त्यांच्या कामाचा. परभणीच्या प्रयोगशाळेतला संगणक माती तपासणीचे अहवाल पालमच्या सल्ला केंद्रातल्या संगणकाला पाठवायचा. दोघांची घडण वेगळी, म्हणून सगळा व्यवहार पत्राने. पाकीट, त्यावर माथा, म्हणजे कोणाकडून-कोणाला, आत मजकूर. समोरच्याने मजकूर साठवून पोच द्यायची. नाही जमलं तर का ते कळवायचं. या पद्धतीला सोप म्हणतात, म्हणून आमच्या ऑफिसात सर 'साबणवाले'. ते चिडत नसत. म्हणत, "माणसं 'बघतो' म्हणून निघून जातात. मशीन घेते, न्हाईतर का घेतलं न्हाई ते सांगते."

पाठवणारा प्रोग्राम सरांचा, घेणारा माझा. माझा साठवताना अडखळायचा, पोच रखडायची, रोज तक्रारी यायच्या, साहेब रोज मला झापायचे. एका दुपारी मी पोच देणारी ओळ उचलून साठवण्याच्या वर नेली. आधी पोच, मग मजकूर. तक्रारी बंद. साहेबांनी पाठ थोपटली.

पण काही अहवाल साठतच नव्हते, आणि पोच तर गेलेली असायची. खेड्यांतून शेतकरी केंद्रावर येत, रिकाम्या हाताने परत जात. पाठवणारे सर, म्हणून ठपका सरांवर. प्रोग्रामचं काम काढून त्यांना अहवाल छापायला बसवलं. मी त्याच खोलीत होतो. तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप ती ओळ खाली आणली.

याला आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांची भरपूर स्तुती केली आणि स्वतःचीच किळस आली. शनिवारी त्यांच्या घरी गेलो. पाणीसुद्धा न घेता सगळं सांगून टाकलं.

"त्याच हप्त्यात कळलं होतं," सर म्हणाले. "पत्र लहान असो का मोठं, तुमची पोच एकाच झटक्यात यायलती. वाचून, साठवून इतक्या लवकर पोच कोण देतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तवा तुमची नोकरी कच्ची. वहिनी बाळंतपणाला गेलेल्या. माझ्यामागं कोण हाय? पण आठ वर्षं लावली राव तुमी."

मला एकदम हसू आलं. डोळेही भरले. किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

मग कळलं, ते हरवलेले अहवाल सरांनी पुन्हा छापले होते आणि दर रविवारी एसटीने पालमकडे जाऊन घरोघर दिले होते. अहवाल कधीच संपले. जाणं काही थांबलं नाही.

"जेवू घालतात, बसवून घेतात," सर फरशीकडे बघत म्हणाले. "इथं रविवार लय मोठा असतो हो." मग विचारलं, "उद्या येता का?"

सकाळी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी भरत आली होती. सर आधीच चढले होते. शेजारच्या जागेवर रुमाल टाकून, त्यावर हात ठेवून, दोन माणसांशी भांडत होते.