परबकाकांची हिरवी स्टुडबेकर

दुपारी साडेतीन वाजता परबकाका मोरीत बसून डोक्यावरून पाणी ओतून घ्यायला लागले, की आमच्या चाळीतल्या बायका बाहेरून विचारायच्या, "काका, आज कोण गेलं?"

"हिलमन," आतून उत्तर यायचं. "सांताक्रूझची. डॉक्टरांची."

म्हणजे सांताक्रूझच्या कुणा डॉक्टरांची जुनी हिलमन मोटार भंगारात निघालेली असायची, आणि परबकाका तिची आंघोळ करत असायचे. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की आपण करतो, तशी. मरोळला आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं ते सकाळी पाऊण तास. पण काकांची एक बादली कायम भरून, झाकून ठेवलेली असायची. "गाड्यांचा काय सांगूक येत नाय," म्हणायचे, "म्हाताऱ्या झाल्यात सगळ्या." बायका या नासाडीवर चिडायच्या. माझी आई मात्र कधी काही बोलायची नाही. ते का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

काका शेवटच्या खोलीत एकटे राहायचे. गिरणी बंद पडल्यावर ते इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर बसायला लागले. तीनला पाळी सुटली की चहा, आणि मग चार ते सात मरोळ नाका. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत दोनशे पानी वही. अंधेरी-कुर्ला रोडवरून जुनी, वेगळी गाडी गेली की वहीत नोंद. नंबर, रंग, कुठून कुठे, आणि शेवटचा रकाना 'चालक'. मॉरिस, डॉज, व्हॅनगार्ड, सगळ्यांच्या तब्येती त्यांना ठाऊक. लांबून नुसता आवाज ऐकून सांगायचे, "प्लिमथ येतासा. छातीत कफ झालोहा." मारुती तेव्हा नुकत्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या. मारुती आली की काका तिच्याकडे चक्क पाठ फिरवायचे. "ती गाडी नाय. साबणाची डबी ती."

गंमत म्हणजे हा माणूस जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता. टॅक्सीच्या नुसत्या वासाने त्यांना मळमळायचं. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवासाठी फुलांनी मढवलेली प्लिमथ आणली होती. वरात निघायच्या वेळी काका तिच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि जाळीवरचे हार उपटून काढू लागले. वरपक्षाला वाटलं, हा मेकॅनिक. "नाकात फुलं कोंबलीत तिच्या!" काका ओरडले. "श्वास खंयसून घेतली ती?" माझे वडील लाजेने मांडवामागे गेले. पाच मिनिटांत गाडी तापून बंद पडण्याऐवजी व्यवस्थित चालली, हे काकांनी आम्हाला पुढे वर्षभर ऐकवलं.

वहीचं पहिलं पान मात्र जवळजवळ कोरं होतं. वर एकच नोंद होती. स्टुडबेकर, बाटलीसारखा हिरवा रंग, नाकाशी विमानासारखा गोळा, नंबराच्या शेवटी दोन सत्ते. पुढचे सगळे रकाने रिकामे. काकांना हीच गाडी हवी होती, बाकीच्या गाड्या वाटेत भेटल्या म्हणून लिहिल्या, असं म्हटलं तरी चालेल. का हवी, असं विचारलं की एकदा म्हणायचे, "तिचा बोनेट बघण्यासारखा." दुसऱ्या वेळी म्हणायचे, "मुंबईत ती एकच." मी नाक्यावरून कामावर जाणारा-येणारा, त्यामुळे रोज संध्याकाळी मला ठरलेला प्रश्न असायचा. "काय रे, हिरवी दिसली?" रोज. सणावारीसुद्धा.

एका संध्याकाळी मी साहेबाच्या शिव्या खाऊन आलो होतो. काकांनी विचारलं, "हिरवी दिसली?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दिसली ना. घाटकोपरला. आग्रा रोडवर."

काकांच्या हातातला चहाचा ग्लास तिथेच थांबला. मला वाटलं, आता बोनेटबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "चालवत कोण होतो?"

"होता एक ड्रायव्हर. चाळिशीचा असेल."

"दिसाक कसो?"

आता माझी गाडी उतारावर लागली होती. म्हटलं, "उंच. आणि मिशी होती. झकास, पिळदार."

"मिशी?" काकांनी ग्लास खाली ठेवला. मग हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "मिशी ठेवल्यान?" म्हणाले. "ठेवल्यान तर."

दुसऱ्या दिवसापासून काका नाक्यावर दिसेनात. कारखान्यातून रजा घेऊन ते घाटकोपरला आग्रा रोडवर उभे राहत होते. मे महिना होता. आठ दिवस उन्हात उभं राहून ते नवव्या दिवशी तापाने फणफणून आले. मी हसत हसत आईला माझी थाप सांगितली. आई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझं हसू कुठे ठेवावं कळेना.

मग तिने सांगितलं. काकांना एक धाकटा भाऊ होता, बाळगो. आईबाप लवकर गेले, म्हणून काकांनीच त्याला वाढवलं. त्याच्यापायी लग्न केलं नाही. कामगार भरणाऱ्या जॉबरचे पाय धरून त्याला गिरणीत चिकटवला. महिन्याभरात बाळगोने गिरणी सोडली आणि जुहूच्या एका शेठकडे ड्रायव्हर म्हणून लागला. पहिल्या दिवशी शेठची हिरवी गाडी घेऊन तो दादाला दाखवायला चाळीत आला. हॉर्न वाजवला. सगळी चाळ खाली उतरली. काका गॅलरीत उभे राहून सगळ्यांदेखत ओरडले, "मर, लोकांच्या गाड्या पुसत मर! परत पाऊल ठेवू नको हय!" बाळगोने गाडी वळवली आणि गेला. पुढे शेठने बंगला विकला, गाडी विकली. गाडीबरोबर ड्रायव्हरही नव्या मालकाकडे गेला म्हणतात. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. वीस वर्षं होऊन गेली.

"त्यांना गाडी नको आहे रे," आई म्हणाली. "आणि तू मिशी लावलीस."

मला खूप लाज वाटली. काकांकडे जाऊन खरं सांगायचं मी ठरवलं. ते गोधडी घेऊन पडले होते. मला बघून म्हणाले, "चुकामूक झाली असतली. तू बघलंस ना, पुरे. आसा तो मुंबईतच." मी पेज ठेवली आणि परत आलो.

दोनेक वर्षं गेली. एकदा कंपनीच्या कामासाठी कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेलो होतो. पत्र्यांच्या ढिगामागून एक हिरवं नाक बाहेर आलेलं दिसलं. विमानासारखा गोळा. मी खाली वाकून नंबर पाहिला. शेवटी दोन सत्ते.

बघितलंच नाही असं समजून निघून जावं, असं मनात आलं होतं, हे कबूल करतो. पण एक थाप मारून झाली होती, दुसरी झेपली नसती. दुसऱ्या दिवशी काकांना बसने घेऊन गेलो. बसमध्ये ते वहीची पिशवी मांडीवर धरून बसले होते.

गाडीला चाकं नव्हती. इंजिन काढून नेलं होतं. काकांनी भंगारवाल्याला विचारलं, "चलाके कौन लाया?"

"चलाके? चाचा, रस्सी से खींचके लाये. ड्राइवर-वायवर कोई नहीं था."

काकांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढलं. ते करकरत उघडलं. मग ज्या माणसाला टॅक्सीच्या वासाने मळमळायचं, तो माणूस आत जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला वाटलं, आता रडतील. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"अरे, हय बघ," त्यांनी हाक मारली. "माझे पाय पोचनत नाय."

खरंच पोचत नव्हते. सीट पार मागे सरकवलेली होती आणि गंजून तिथेच घट्ट बसली होती. काकांचे पाय ब्रेकपासून वीतभर अलीकडे लोंबत होते.

"बाळग्याचे पाय लांब," काका म्हणाले. "लहानपणी एका चादरीत मावायचो नाय. शेवटपर्यंत तोच चालवी होतो ही."

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. ज्या बायका पाण्यावरून चिडायच्या, त्यांनी मोरी मोकळी करून ठेवली होती. आईने स्टोव्हवर पाणी तापवलं होतं. सगळ्या दारांत उभ्या होत्या. काका आले, मोरीपाशी थांबले, फक्त पाय धुतले आणि म्हणाले, "चाय टाक गो वहिनी." आईने विचारलं, "आणि आंघोळ?"

"आंघोळ कित्याक?" काका म्हणाले. "गाडी गेली. माणूस खंय गेलो?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम लवकर सुटलो. काका नाक्यावर नेहमीच्या जागी उभे होते, पण हातात वही नव्हती. समोरून एक मारुती आली. काकांनी पाठ फिरवली नाही. उलट कमरेत वाकले आणि काचेतून आत बघू लागले. तिच्यामागून रिक्षा आली. तिच्यातही बघितलं. मग टेम्पो.

"काका, आता कुठली गाडी?" मी विचारलं.

"आता गाडीचा काय घेऊन बसलंस," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "आता कसलीय चालवी असतलो. माणूस बघतंय. पाय बाहेरून दिसनत नाय, ही पंचाईत. पण तू सांगितलेली मिशी दिसता ना."

मी तोंड उघडलं. काका पुढच्या गाडीकडे वाकले होते. मी पुन्हा तोंड मिटलं, बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उभा राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत बघू लागलो.