निरोगी माणूस गिळत नाही

निरोगी प्रौढ माणूस घास कसा गिळतो, हे सरकारला अजून कळलेलं नव्हतं. लोक गिळत होते, पण ते आपले अनधिकृतपणे. म्हणून शहाऐंशी साली नागपूरच्या एका सरकारी इस्पितळात मेंदूचा फोटो काढणारं यंत्र आलं आणि निरोगी प्रौढाचा शोध सुरू झाला. डॉक्टरांना आम्लपित्त, कारकुनांना रक्तदाब. उरला शिपाई रुपराव. गडी असा खाणारा, की पंगतीत वाढपी त्याची नजर चुकवून पुढे सटकत.

त्याला यंत्रात आडवं केलं, तोंडात चमचाभर पाणी घातलं. डॉक्टर दत्तोपंत म्हणाले, "हं, गिळा!"

रुपराव गाल फुगवून पडून राहिला. गुरुवार होता, साहेबांचा कडक उपास. मोठा माणूस उपाशी आणि आपण त्याच्यादेखत गटकायचं? आईनं असलं वळण लावलं नव्हतं. त्यानं हातानंच खुणावलं, आधी तुमी घ्या.

फोटो मात्र स्वच्छ आला. दत्तोपंत हरखले. दुसऱ्या खेपेला रुपरावानं चुकून गिळलं, मान हलली आणि फोटो पुसट झाला. हललेला फोटो नियमानं रद्द. अहवाल गेला: निरोगी प्रौढ गिळत नाही.

लगेच इस्पितळाच्या स्वयंपाकघरातलं रुपरावाचं ताट बंद झालं. मग रेशनकार्डावरचं नाव कटलं. घरी बायको गोपिका म्हणाली, "सरकारचा कागद खोटा असते का जी? तुमच्यासाठी पोळ्या टाकल्या तं पोरं काय खातीन?"

तीन दिवसांत गडी वाळून कोळ झाला. कुठून तरी केळं मिळवून तो दत्तोपंतांपुढे उभा राहिला आणि त्यानं ते सालीसकट खाल्लं.

"पाहा साहेब, मी गिळून राहिलो! मंग मले जेवाले काहून देत नाही?"

"दिसतंय हो मला. पण तुम्ही निरोगी ना? आजारी असता तर प्रश्नच नव्हता."

हे ऐकून रुपराव तिथंच भोवळ येऊन पडला. ताबडतोब खाट मिळाली, वरण-भात मिळाला. अहाहा, काय जेवला बिचारा! दोन दिवसांत टुणटुणीत झाला आणि तिसऱ्या दिवशी, प्रकृती सुधारल्याबद्दल, पुढ्यातलं ताट उचललं गेलं.

आता तो पुन्हा भोवळ यायची वाट बघत दवाखान्याच्या रांगेत बसलाय. मागे सगळा स्टाफ आहे, आपलंही ताट जाऊ नये म्हणून पोट धरून.

आणि तुम्ही काय हसताय? हे वाचताना आत्ताच आवंढा गिळलात की नाही? म्हणजे निरोगी नाही तुम्ही. चला, या रांगेत.