जेवणाच्या सुट्टीतलं उत्खनन

रिसबूड सरांच्या घरी माझ्या हातून कप फुटला, तेव्हा सर आत धावले ते केरसुणी आणायला नव्हे, टेप आणायला. "हलवू नका! एकही तुकडा जागेवरून हलवू नका!" मी एक पाय वर धरून उभा. सरांनी प्रत्येक तुकडा भिंतीपासून किती लांब पडलाय ते मोजलं, पुठ्ठ्याच्या लेबलावर काळ्या शाईनं लिहिलं, तुकडे पिशवीत भरून लेबल दोऱ्यानं पिशवीला बांधलं आणि मगच मला पाय टेकू दिला.

"पेंडसे, तुम्ही घाबरट आहात," ते म्हणाले. "कप आपटलेला नाही, थरथरत सुटलाय."

ते तुकड्यांनी सांगायची काही गरज नव्हती. मी जन्माचा भित्रा. पालीला भितो, लिफ्टला भितो, गच्चीच्या कठड्याजवळ तर मी कधी जातच नाही. पोस्टातली सगळी नोकरी मी तळमजल्यावर केली. निवृत्तीनंतर नेमकं कसबा पेठेत या माणसाच्या शेजारी राहायला आलो.

सर मध्ययुगीन पुरातत्त्व शिकवायचे. ते काय असतं, हे मी एकदा विचारून बसलो.

"पुरातत्त्व म्हटलं की लोकांना हडप्पा आठवतं. मध्ययुग म्हटलं की किल्ले आणि तलवारी. बाकीची माणसं काय हवा खाऊन जगली?"

"पण त्या काळचे कागद आहेत ना? मग खणायचं कशाला?"

"कागदात सारा भरणाऱ्याचं नाव असतं हो. त्याच्या बायकोनं चुलीवर काय शिजवलं, ते कुठल्या कागदात आहे? ते राखेत असतं. जळका दाणा, मडक्याची खापरी, काचेच्या बांगडीचा तुकडा. आणि थर बघा, थर! वरचा नवा, खालचा जुना. वस्तू थरातून उपटली की ती मुकी झाली."

घरातली वर्तमानपत्रंसुद्धा याच नियमानं रचलेली. गेल्या दिवाळीतला अंक हवा म्हटलं तर सर चळतीत दीड फूट खाली हात घालून तोच बाहेर काढतात. विद्यार्थ्यांबद्दल विचारलं तर म्हणतात, "शेवटच्या वर्गात तिघे होते. दोघे आयटीत, हिंजवडीला गेले. तिसरा चुकून आला होता."

यंदा उन्हाळ्यात आमच्या इमारतीला लागून नव्या बांधकामासाठी खड्डा खणला. चांगला दोन मजले खोल. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यावरच उघडते, म्हणून मी ती बंदच ठेवत होतो. एके सकाळी सरांनी येऊन ती उघडली. समोरच्या मातीच्या भिंतीत, अगदी तळाशी, वीतभर जाडीचा काळा पट्टा दिसत होता.

"राख," सर पुटपुटले. "चूल असणार. पाचशे वर्षांपूर्वीची तरी."

सर तडक बांधकामावर परवानगी मागायला गेले. तिथला सुपरवायझर दत्ता हडपसरकडचा. त्यानं डोकं खाजवलं. "सर, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतंय, तेवढ्यात काय ते करा. पण माती पोकळ हाय. आन् उद्या काँक्रीट पडणार हाय."

म्हणजे हातात एक तास. तेवढ्या वेळात चुलीचं मापानिशी चित्र झालं तर झालं, नाही तर ती कायमची गाडली जाणार.

सरांनी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं, काखेत आलेखाचा कागद लावलेली फळी घेतली. "मीही येऊ का?" मी आपलं शिष्टाचार म्हणून विचारलं.

"खाली येऊन काय दिवे लावणार? काठापासून चार हात मागे उभे राहा. पुढे आलात तर याद राखा."

मला राग आला, आणि हायसंही वाटलं. सर शिडीवरून दिसेनासे झाले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "तीन दगड, पेंडसे! जागच्या जागी! आणि जळकी ज्वारी!" इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरून ओंजळभर माती घरंगळली. मग आणखी थोडी.

"सर, वर या!"

"राखेची जाडी राहिलीय!"

आणि कपाटाएवढी मातीची दरड धपकन खाली आली. धुळीशिवाय काही दिसेना. मी हाका मारल्या, उत्तर नाही. शिडीकडे धावलो, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरा उचलेना. खरंच उचलेना. खाली माणूस गाडला गेला असेल, हे कळत होतं, आणि मी तसाच उभा होतो.

मग धुळीतून हेल्मेट वर आलं. फळी छातीशी धरलेली. चूल ढिगाऱ्याखाली गेली होती, पण चित्र पुरं झालं होतं. सर काठापासून लांब जाऊन मटकन बसले. हेल्मेटचा पट्टा त्यांना सोडवेना, इतके हात कापत होते. मी तो सोडवला.

"मला वाटायचं तुम्हांला भीती वाटत नाही."

"प्रत्येक वेळी वाटते. माझ्या पहिल्याच उत्खननात चराची भिंत पडली. एक मजूर खाली गेला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. दोघेही गेले. तेव्हापासून मी कुणाला खाली उतरू देत नाही."

"मी उतरत होतो, पण पाय..."

"बरं झालं," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

तेव्हा मला दिसलं, त्यांच्या सदऱ्याच्या काज्याला दोऱ्यानं एक लेबल बांधलेलं होतं. तेच पुठ्ठ्याचं, काळ्या शाईतलं. 'रिसबूड. खोली वीस फूट. भिंत पडल्यास कोणीही खाली उतरू नये. काढायची घाई नाही. वर कोणी वाट बघत नाही.'

पोस्टात असताना चुकीचे पत्ते दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. मी खिशातलं बॉलपेन काढलं, शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'शेजारी पेंडसे वाट बघतात. जेवायचे थांबले आहेत.'

सरांनी ते वाचलं.

"निळी शाई टिकत नाही," ते म्हणाले. त्यांनी आपलं काळं पेन काढलं आणि माझी ओळ अक्षर न् अक्षर गिरवायला घेतली.