सबनिसांची माघार

आमच्या इथे आखातात, फहाहीलमध्ये, सबनिसांना नळ गळतोय असं सांगा, ते म्हणतात, "ऑस्ट्रेलियातही असंच झालं होतं." ऑस्ट्रेलियाला ते कधी गेलेले नाहीत. इंग्रजी अमदानीत तिथला एक पत्रकार सकाळी स्वतःच्या पेपरात सरकारला झोडपायचा आणि संध्याकाळी विधिमंडळात भाषण ठोकायचा, असं कुठंतरी वाचून त्यांनी त्याला गुरू केलं. यांचा पेपर म्हणजे दर शुक्रवारी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं दोन पानी 'परखड'. विधिमंडळ म्हणजे आमचं मराठी मंडळ. त्याचं अध्यक्षपद त्यांना हवं होतं, आणि त्या वर्षी नक्की मिळणार होतं.

सभेत ऐन वेळी त्यांनी माघार घेतली आणि माझं नाव सुचवलं. मी बिनविरोध निवडून आलो. भाषणात म्हणालो, "सबनीस मला घाबरले!" सगळे हसले. सबनीसही हसले. हा विनोद मी इतक्यांना ऐकवला की मलाच तो खरा वाटू लागला.

पुढच्याच शुक्रवारी 'परखड'चा मथळा: 'अध्यक्षांचे पोहे कोरडे!' नंतर 'आरतीत अध्यक्ष बेसूर!' मी पेटलो. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतली ड्यूटी संपवून घरोघरी जायचो, माझी बाजू मांडायला. लोक आधी जेवायला वाढत, मग ऐकत.

"तुम्हाला दुसरा कोणी सापडत नाही?" मी फोनवर ओरडलो.

"तुझ्याइतका चिडका नाही रे, जोश्या."

वर्षअखेर मी सबनीसवहिनींकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "भावजी, त्या सभेआधी तुमची सुमन गेली, घरात एकटे पडलात, दारही उघडत नव्हता. हे डबा घेऊन तसेच परत आले. म्हणाले, याला सांत्वन नको, भांडण हवंय."

तरी मी विनोद मागे घेतला नाही. त्यात अध्यक्षांची शोभा होती ना! अध्यक्षपद गेलं, विनोद मात्र टिकला. पुढे कुणीच सबनिसांचं नाव सुचवलं नाही. "ऐन वेळी पळतो तो माणूस," असं म्हणत. ते पळाले नव्हते. हे लिहायला मला म्हातारा व्हावं लागलं.

परवा त्यांच्याकडे जाऊन विचारलं, "तुम्हाला खरंच अध्यक्ष व्हायचं होतं?"

"म्हणजे काय! भाषण पाठ होतं."

"मग म्हणा की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला आणि माझ्या एकट्यासमोर म्हणाले, "सभासद बंधुभगिनींनो..."